मोठ्या बाईंचा आवाज बसला ते वर्ष

आमच्या शाळेची इमारत तीन मजल्यांची. मोठ्या बाई तळमजल्यावरच्या आपल्या खोलीतून नुसतं "कोण धावतंय जिन्यात" एवढं म्हणाल्या, की पार गच्चीच्या दारापर्यंतचे सगळे पाय जागच्या जागी थांबायचे. त्यात धावणारे असायचे तसेच न धावणारेही असायचे. एकदा तर पाहणीला आलेले अधिकारीच दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर एक पाय उचललेल्या अवस्थेत थांबले होते, आणि बाईंनी "तुम्ही या हो" म्हटल्यावरच त्यांनी तो खाली टेकवला.

बाई मुख्याध्यापिका, मी त्यांच्या हाताखाली पर्यवेक्षिका. वयाने मी बरीच लहान, म्हणून त्या मला अगंतुगं करायच्या. माझं कामच मुळी त्यांचा पारा आणि बाकीचे शिक्षक यांच्या मधे उभं राहण्याचं होतं. बाईंना काळजी करायची सवय होती, तीसुद्धा आगाऊ. परीक्षेला अजून दोन महिने असायचे तेव्हा त्या पेपर कमी पडल्याची काळजी करून मोकळ्या झालेल्या असायच्या. शिपाई दार उघडायला यायच्या आधी त्या फाटकाशी हजर. वर्गावर्गातून फिरून नळ नीट बंद आहेत का, फळे पुसलेत का, खिडक्यांच्या कड्या लागतात का हे स्वतः बघायच्या. वेळापत्रक मी करायचे आणि त्या ते पुन्हा करायच्या. दुसऱ्याच्या हातून काम नीट होतं यावर त्यांचा विश्वासच नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्यांच्याइतकं नीट ते आमच्या हातून होतही नव्हतं.

पण बाईंवर आमचा जीव होता. तापाची साथ आली तेव्हा निम्मे शिक्षक आजारी पडले, तर बाईंनी दोन वर्गांच्या मधलं दार उघडून चौकटीत उभं राहून दोन्हीकडे एकाच वेळी शिकवलं होतं. कुणाच्या घरी काही झालं तर सगळ्यांत आधी त्या पोचायच्या, आणि तिथेही पातेली कुठे ठेवायची यावरून घरच्यांना धारेवर धरायच्या.

त्या वर्षी ओढ्यापलीकडची शाळा बंद झाली. तिची इमारत धोक्याची ठरली, आणि तिथली सगळी मुलं, शिक्षक, बाकं, नकाशे आमच्याकडे पाठवायचा आदेश निघाला. दोन शाळांची एक शाळा. मुख्याध्यापक मात्र दोन, कारण कुणाला कमी करायचं हे वर ठरत नव्हतं. त्यामुळे बाईंच्या खोलीत त्यांच्या टेबलासमोर दुसरं टेबल लागलं आणि त्यामागे येऊन बसले सावकाश सर.

हे नाव त्यांच्याच मुलांनी ठेवलेलं. सर उंच, किंचित वाकलेले, बोलण्यात गोडवा. कुणी काही विचारलं की म्हणायचे, "होईल, सावकाश होईल." बाकं पुरत नाहीत? होईल. दोन वर्गांची हजेरी एकत्र झालीय? होईल. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"अगं, हा माणूस आहे की गादी आहे?" पहिल्याच आठवड्यात त्या मला म्हणाल्या. "कितीही बुक्के मारा, आवाज म्हणून नाही."

सर तेव्हा खोलीबाहेरच उभे होते. त्यांनी ऐकलं असणार. आत आले आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला चहा सांगू का?"

मुलं दुप्पट झाली आणि जिने मात्र तेवढेच राहिले. आमची मुलं त्यांच्या मुलांना पाहुणे म्हणायची, त्यांची मुलं आमच्या मुलांना मालक म्हणायची, आणि मधल्या सुट्टीत पाहुणे आणि मालक यांची बाकांवरून, नळावरून, अगदी सावलीवरूनसुद्धा जुंपायची. जागा नाही म्हणून निम्मे वर्ग दुपारी भरवायला लागले. पालक चिडले. बाई सकाळी सगळ्यांच्या आधी यायच्या आणि संध्याकाळी शेवटचं मूल बाहेर पडेपर्यंत थांबायच्या. मधल्या वेळात त्यांचा आवाज सुरूच असायचा. हळूहळू त्याला कागद फाटल्यासारखी किनार यायला लागली. मी म्हटलं, "बाई, जरा डॉक्टरांना दाखवा." त्या म्हणाल्या, "सुट्टी लागू दे."

सुट्टी लागेपर्यंत घसा थांबला नाही. एका दुपारी सकाळचे वर्ग सुटत होते आणि दुपारचे आत येत होते. वरून येणारी मुलं आणि खालून जाणारी मुलं जिन्याच्या वळणावर समोरासमोर आली आणि कुणीच मागे हटेना. मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं, ते ढकलत राहिले. वळणावरच्या लहान मुली कठड्याला दाबल्या गेल्या. एक तर कठड्यावरून कमरेपर्यंत बाहेर आली होती. मी खाली नुसती उभी होते. सर माझ्या शेजारी "अरे बाळांनो, अरे बाळांनो" म्हणत होते, ते कुणालाच ऐकू जात नव्हतं.

बाई खोलीतून धावत आल्या आणि ओरडल्या, "थांबा."

तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. सगळा जिना थांबला. बाईंनी वरच्यांना एकेक पायरी मागे जायला सांगितलं, खालच्यांना खाली यायला सांगितलं, आणि त्या मुलीला स्वतः वर जाऊन कठड्यावरून उतरवून घेतलं. तिला खाली आणलं, उभं केलं, आणि तिच्याशी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा आली. त्या माझ्याकडे बघायला लागल्या, आणि मी बाईंना पहिल्यांदा घाबरलेलं बघितलं.

घशाचे डॉक्टर म्हणाले, स्वरतंतूंवर गाठी आल्यात. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. ऐकलं नाही तर शस्त्रक्रिया, आणि तिच्यानंतर आवाज कसा असेल ते सांगता येणार नाही. मी रजेचा विषय काढला तशी बाईंनी माझ्या हातातून पेन ओढून घेतलं आणि डॉक्टरांच्याच कागदाच्या मागे लिहिलं, "शाळेत जाणार. बोलणार नाही."

मी आशेने त्यांच्या यजमानांकडे बघितलं. ते घड्याळं दुरुस्त करायचे, शांत गृहस्थ. ते म्हणाले, "जाऊ द्या तिला शाळेत. घरी राहिली तर माझ्याशी बोलेल, मग गाठी काही जायच्या नाहीत."

असा तो महिना सुरू झाला. बाई खोलीत बसायच्या, समोर कोऱ्या कागदांचे तुकडे आणि पेन्सिल. त्या लिहायच्या, मी ते जाऊन सांगायचे. सुरुवातीचे दोन-तीन दिवस शाळेने फार मजेत काढले. जिन्यात मुलं मनसोक्त धावली. मग त्यांनाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. धावता धावता मुलं बाईंच्या दाराशी येऊन आत डोकावून बघायची.

बाईंच्या रागाचं काय होणार हा माझा प्रश्न होता. तोंडातून निघणारा राग कागदावर उतरताना त्याचं काय होतं ते मी त्या महिन्यात रोज बघितलं. विज्ञानाचे एक तरुण शिक्षक सतत उशिरा यायचे. ते समोर उभे असताना बाईंनी कागदाचा तुकडा दोन्ही बाजूंनी भरून काढला. लिहिताना पेन्सिलचं टोक मोडलं. टोक करायला उठल्या. परत येऊन लिहिलेलं वाचलं आणि वरच्या चार ओळी खोडल्या. पुन्हा वाचलं, आणखी खोडल्या. ते बिचारे तोपर्यंत घामाने निथळत होते. शेवटी बाईंनी नवा तुकडा घेतला आणि लिहिलं, "घरी काही अडचण आहे का?"

त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "नाही बाई. मला सकाळी उठवतच नाही."

बाईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. हसण्यालाही डॉक्टरांची मनाई होती, म्हणून तोंडावर रुमाल दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्या शिक्षकांना पहिला तास द्यायचा नाही एवढा बदल मी वेळापत्रकात केला, आणि बाईंनी तो पुन्हा तपासला नाही.

इकडे बाई गप्प म्हटल्यावर निर्णय सगळे सरांच्या टेबलावर यायला लागले. सर प्रत्येकाला गोड बोलून परत पाठवायचे आणि निर्णय तिथेच राहायचा. पालकांची सभा आठवड्यावर आली होती आणि दुपारच्या वर्गांचं काय करायचं हे ठरलंच नव्हतं. मी वैतागून त्यांना शोधायला निघाले तेव्हा ते प्रयोगशाळेमागच्या अरुंद बोळात भिंतीला टेकून उभे होते. हातात औषधाची बाटली, पांढरंफटक औषध, आणि ते तोंडाला बाटली लावूनच पीत होते.

"पोटात जखम आहे," सर म्हणाले. "जुनी आहे. तुम्ही कुणाला सांगू नका."

मी म्हटलं, "सर, तुमच्यासारख्या शांत माणसाला?"

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "अहो, ओढ्यापलीकडची ती इमारत गेली हे सगळ्यांच्या आधी मला कळलं होतं. माझ्या खोलीच्या छताला भेग होती. रोज मी वर बघायचो. कुणाला सांगायचं म्हणजे भांडायचं, कागद पाठवायचे, कुणाचं तरी वाईट व्हायचं. मी म्हणायचो, होईल. तेव्हाच ओरडलो असतो तर दुरुस्ती झाली असती, शाळा राहिली असती. लोक माझ्या स्वभावाचं कौतुक करतात. तो स्वभाव नाही हो. मला भीती वाटते. कुणी माझ्यावर चिडेल याची भीती."

मागे कागदाचा आवाज झाला. बोळाच्या तोंडाशी बाई उभ्या होत्या. मला शोधत आल्या असणार. सरांचा चेहरा उतरला. बाईंनी भिंतीवर कागद धरला, काहीतरी लिहिलं आणि सरांच्या हातात दिलं. सरांनी वाचून तो माझ्याकडे दिला.

"मी ओरडते तेही त्याच भीतीने. आपल्या हातून काही बिघडेल याची."

मला आठवतं, मी मूर्खासारखी म्हणाले, "आणि मला चिंता वाढली की हाताला पुरळ उठतं," आणि बाही वर करून दाखवलं. दोघांनी ते गंभीरपणे वाकून बघितलं.

त्यानंतर दोन टेबलं एकमेकांना जोडली गेली. सर बोलायचे, बाई लिहायच्या. बाईंनी काढलेला तोडगा सोपा होता आणि त्यांना तो नक्कीच टोचत असणार. ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि चक्क त्यांची स्वतःची खोली वर्गांसाठी मोकळी करायची आणि बाकीच्या वर्गांत दाटीने बसवायचं, म्हणजे सगळी मुलं सकाळी मावतील. आणि दोन जिन्यांपैकी एक फक्त चढायला, एक फक्त उतरायला.

सभेला सभागृह गच्च भरलं. एक वडील उठून म्हणाले, दुपारच्या वर्गांमुळे घरची घडी विस्कटली आहे, हे कधी थांबणार ते आत्ता सांगा. लोकांनी माना डोलावल्या. सर उभे राहिले आणि सवयीने म्हणाले, "होईल, त्याचं असं आहे की..." बाईंनी त्यांच्या बाहीला हळूच हात लावला आणि कागद पुढे सरकवला. मी शेजारीच होते. त्यावर एकच शब्द होता, "वार".

सरांनी खुर्चीची पाठ पकडली. "सोमवारपासून," ते म्हणाले. "सोमवारपासून सगळी मुलं सकाळी येतील. दाटी होईल. तुमच्यातल्या काहींना ते आवडणार नाही. पण ते होईल, आणि नाही झालं तर जाब मला विचारा, बाईंना नाही."

आवाज चढला नव्हता, पण सभागृह शांत झालं. मग मागून एक आई उठली. ओढ्यापलीकडच्या शाळेतली. ती म्हणाली, "माझी मुलगी त्या दिवशी कठड्यावर होती. तुम्ही तिला वाचवलंत हे मला माहीत आहे. पण त्या दिवसापासून ती शाळेत यायचं म्हटलं की थरथरते. घरी भांडं पडलं तरी कान झाकते. तिला पडायची भीती वाटत नाही बाई, तिला तुमच्या आवाजाची भीती वाटते. राग मानू नका."

मी बाईंकडे बघितलं. एरवी त्यांनी तिथल्या तिथे दहा वाक्यांत तिला उत्तर दिलं असतं, आणि त्यातलं एकही खोटं नसतं. आता त्यांना ऐकत बसण्याशिवाय काही करता येत नव्हतं. त्या ऐकत राहिल्या. मग व्यासपीठावरून उतरल्या, लोकांच्या रांगांमधून वाट काढत मागे गेल्या आणि त्या आईशेजारच्या खुर्चीत बसल्या. कागदावर त्यांनी लिहिलेलं त्या आईनेच मोठ्याने वाचलं. "तिला उद्या माझ्याकडे पाठवा. सांगा, बाईंना बोलता येत नाही."

दुसऱ्या दिवशी ती आली. आठ-नऊ वर्षांची, दोन वेण्या, दप्तर छातीशी धरलेलं. दारातच उभी राहिली. बाईंनी स्वतःच्या घशाकडे बोट दाखवून मान हलवली. मुलीने विचारलं, तेही कुजबुजत, "दुखतं?" बाईंनी मान डोलावली. ती आत आली, दप्तर ठेवलं आणि बाईंच्या समोर बसली. पुढे काय झालं ते मला नीट माहीत नाही, कारण बाईंनी मला खुणेने बाहेर जायला सांगितलं. मी अर्ध्या तासाने गेले तेव्हा दोघी कागदाच्या तुकड्यांवर चित्रं काढत होत्या. बाईंना चित्र अजिबात येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. मुलगी त्यांच्या घोड्याचे पाय दुरुस्त करत होती.

महिना संपल्यावर बाईंचा आवाज परत आला, पण तो नव्हे. खालचा, किंचित घोगरा, जवळ गेल्याशिवाय ऐकू न येणारा. डॉक्टरांनी सांगितलं की आता हाच तुमचा आवाज, जपून वापरा. मी मनात म्हटलं, आता शाळा कशी चालायची? चालली. मुलांना जवळ यावं लागायचं, आणि जवळ आलेल्या मुलाला ओरडायचं कारण फारसं उरायचं नाही. बाई बदलल्या असं मी म्हणणार नाही. काळजी तेवढीच होती. एकदा एका ठेकेदारावर त्यांनी पूर्वीसारखं ओरडायला तोंड उघडलं, तर मांजराच्या पिल्लासारखा काहीतरी आवाज निघाला. ठेकेदारासकट सगळे हसले, शेवटी बाईही हसल्या, आणि काम मात्र त्याने पुन्हा नीट करून दिलं.

त्या वर्षापासून आमचा एक रिवाज पडला. शनिवारी शाळा सुटली की आम्ही तिघं गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायचो. आठवडाभरात ज्याला जे कुणाला बोलता आलं नाही ते तिथे बोलायचं, आणि खाली उतरताना तिथेच ठेवून यायचं. बाई तक्रारी सांगायच्या, त्या खालच्या आवाजात, आणि सांगता सांगता त्यांचं त्यांनाच काही तक्रारींचं हसू यायचं. मी माझ्या पुरळाचा अहवाल द्यायचे. सरांना बाई म्हणायच्या, "सर, आज कुणावर तरी रागवा बघू." सर संकोचायचे, इकडेतिकडे बघायचे आणि मग टाकीवर रागवायचे. "किती गळतेस तू? किती दिवस सांगतोय? तुला काही लाज?" असं रागवता रागवता ते हळूहळू माणसांवरही रागवायला शिकले. वरच्या कार्यालयात जाऊन त्यांनी नव्या इमारतीसाठी टेबलावर हात आपटला, आणि परत आल्यावर हात सुजला म्हणून बाईंनी त्याला बर्फ लावला. ती इमारत झाली. तिला चार रुंद जिने आहेत.

सर आधी निवृत्त झाले, मग बाई. मग त्या खुर्चीत मी बसले आणि मला कळलं की ती खुर्ची बसायला किती टणक आहे. शनिवारी मी काही दिवस एकटीच गच्चीवर गेले, पण टाकीशी बोलायला मला जमेना. मग माझ्या उपमुख्याध्यापकांना बरोबर न्यायला लागले. ते पहिल्या दिवशी फार गोंधळले होते.

मी निवृत्त झाल्यावर एकदा मला नव्या मुख्याध्यापकांच्या शिबिरात बोलावलं होतं. एका तज्ज्ञांनी पडद्यावर माणसांच्या स्वभावांचे प्रकार दाखवले, कोणत्या स्वभावाच्या प्रमुखाला ताण कसा येतो आणि त्याने काय करावं. चांगलं सांगत होते. मी त्यात बाईंना शोधत होते आणि सरांना शोधत होते. बाई मला दोन रकान्यांत थोड्या थोड्या सापडल्या. सर कुठेच सापडले नाहीत, कारण शांत माणसांच्या रकान्यात पोटाचं काही लिहिलेलं नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मी त्यांना जिन्याबद्दल, बोळाबद्दल आणि गच्चीबद्दल सांगितलं. एक तरुण मुख्याध्यापिका नंतर माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, माझ्या शाळेला गच्ची नाही." मी म्हटलं, "बोळ चालेल."

सर आता नाहीत. बाई त्यांच्या मुलीकडे असतात, दुसऱ्या गावात. मागच्या थंडीत मी भेटायला गेले होते. बाल्कनीत उन्हाला बसलो. बाई थकल्यात, पण शेजारणीने कुंड्या चुकीच्या दिशेला ठेवल्यात याची त्यांना फार काळजी लागली होती, आणि सगळा वेळ आम्ही त्याच विषयावर बोललो. कठड्यावरच्या त्या मुलीशी त्या दिवशी खोलीत काय झालं ते मी विचारायचं ठरवून गेले होते, ते राहूनच गेलं. निघताना त्यांनी माझी बाही वर करून हात बघितला आणि बाही पुन्हा खाली केली.

परतीच्या वाटेवर बस एका शाळेसमोर थांबली. मुलं सुटली होती, रस्ता ओलांडत होती, आणि मधे एक बाई दोन्ही हात पसरून उभ्या होत्या. चालकाने इंजिन बंद केलं. मागच्या कुणाला तरी घाई होती, ते कुरकुरले. मी खिडकीची काच खाली केली आणि शेवटचं मूल पलीकडे जाईपर्यंत बघत राहिले.